बुडी मारण्याआधीचा हिशेब

जहाजावर नोकरीला असलेली आपली मुले विचारतात, कॅरिबियन समुद्रात पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारायची तर बेट कोणते? म्हणून आम्ही हिशेब मांडला.

मेक्सिकोचे कोझुमेल गाठायला सोपे. पण प्रवाह जोरदार, आणि बहुतेक बुड्या होडीतून, म्हणजे दरवेळी भाडे. बोनेर लांब, मात्र तिथे पिवळ्या दगडांच्या खुणा पाहून किनाऱ्यावरूनच उतरता येते. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. बोनेर त्यांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे.

अनेक बुड्यांनंतर अंगात नायट्रोजन मुरलेला असतो, म्हणून किमान १८ तास विमानात बसू नये. तो मुक्काम खर्चात आधीच धरावा. खोली साधी चालेल. शिकवणारा आणि टाकी यांत काटकसर नको.