नागपूर ते पाटणगढ : ताईला पत्रं

नागपूर, सोमवार रात्र

प्रिय ताई,

पोचले. गाडीला चार तास उशीर. काकूंनी गरम पाणी तापवून ठेवलं होतं म्हणून जीव वाचला. चिपळूणच्या माणसाला ही थंडी झेपत नाही गं. अण्णांची शाल गुंडाळून लिहितेय, तरी बोटं वळत नाहीत.

सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले, हरभऱ्याची लालजर्द तर्री वरून ओतलेली. रात्री सावजी मटण. काळा रस्सा, वर बोटभर तवंग. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी ताट सोडवेना. सांबारवडी मात्र अण्णांसाठीच केलेली वाटते, तिखट बेताचं असतं.

दीक्षाभूमी झाली. तिथून एका कार्यालयात गेले. पाटणगढच्या गोंड चित्रकारांचे पत्ते तिथे मिळतील असं कळलं होतं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘बुधवारी या.’ बुधवारी मी डिंडोरीत असेन म्हटलं, तर पुन्हा तेच. बाहेरच्या विक्रीच्या टेबलावर गोंड चित्रांचा ढीग आणि पाटी नुसती ‘आदिवासी कला’. एकाही चित्रावर नाव नाही. संताप अजून उतरलेला नाही.

काकूंच्या कपाटात ‘भीमायन’ सापडलं, गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेलं बाबासाहेबांचं चरित्र, 2011 चं. रात्री तेच घेऊन बसले. पानांवर चौकटी नाहीतच. जमिनीवर, भिंतीवर काढतात त्या डिगण्याच्या वळणदार पट्ट्यांनी पान विभागलंय. मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि अपमानाच्या बोलण्याला विंचवाची नांगी! दुर्गाबाई डिगणा आई-आजीच्या हाताखाली शिकल्या. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

अण्णांचे डोळ्यांचे थेंब चुकवू नकोस.

डिंडोरी, बुधवार

ताई,

कंबर मोडली. जबलपूरपर्यंत रात्रीची बस, खिडकीची काच बसेना, सिवनीपासून कानात वारा. तिथून दुसरी बस. इथे खोलीचे सहाशे घेतात आणि पांघरूण एकच. पुन्हा मागितलं तर मालक म्हणाला, ‘मिल जाएगा’. अजून वाट बघतेय.

पण पाटणगढला जाऊन आले! चित्रकार जनगढसिंह श्याम यांचं गाव. भोपाळचं भारत भवन उभं राहत होतं तेव्हा, 1981 च्या सुमारास, जगदीश स्वामीनाथन यांनी पाठवलेल्या तरुणांना इथल्या भिंतीवर जनगढ यांचं चित्र दिसलं. 1989 साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ते होते. त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या युएंडुमूच्या वार्लपिरी चित्रकारांनी जमिनीवर चित्र घातलं होतं. आपल्या कंदमुळांच्या, पाणवठ्यांच्या कथा ठिपक्यांत मांडणारी ती माणसं आणि या गावचे जनगढ एकत्र आले, याचं मला फार अप्रूप वाटतं. 2001 साली जपानमध्ये, एका संग्रहालयासाठी काम करत असताना, जनगढ यांनी जीवन संपवलं. चाळिशीच्या आसपास. त्यांचं गाव बघताना हे सारखं मनात येत होतं.

एका अंगणात दुपारभर बसले. बाई झाड काढत होत्या. आधी खोड, मग फांद्या, मग बारीक निबच्या पेनने प्रत्येक पानात कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, मध्येच दोन ठिपके, पुन्हा रेघा. हात थांबत नव्हता आणि तोंडही नाही. नातवाला रागावणंही त्यातच. पूर्वी छुईची पांढरी माती, गेरू, कोळसा, शेंगांच्या वेलाच्या पानांचा हिरवा रंग वापरत, आता बाटलीतले रंग. भरण्याची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यावरूनच चित्र कुणाचं ते ओळखतात.

ते झाड साजाचं, आपल्याकडचा ऐन. त्यात गोंडांचा देव, बडादेव राहतो. प्रधान, म्हणजे गोंडांमधले गाणारे लोक, बाणा वाजवून त्याची आणि गोंड राजांची गाणी यजमानांच्या दारी गात. यजमान आटले, गाणं मागे पडलं, आणि जनगढनंतर या घरांतल्या मुलांनी कुंचला धरला. म्हणून हे झाड शोभेचं नाही, ताई. ते काढणाऱ्याचं नाव पुसून ते पिशव्यांवर छापतात, तेव्हा देवासकट माणूस पुसला जातो.

जेवायला कोदोचा भात आणि पातळ डाळ. फार बरं वाटलं. आपल्या घरची आमसुलाची कढी मात्र आज फार आठवली.

नागपूर, शनिवार

ताई,

परत आले, सर्दी घेऊन. काकू काढे पाजताहेत. कार्यालयाकडे फिरकलेसुद्धा नाही.

त्या बाईंकडून ते झाड विकत घेतलं. साडेचार हजार. एवढं कशाला, असं तू म्हणशील. पण किती बारीक काम आहे ते. घासाघीस करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. मागच्या बाजूला त्यांच्याकडून नाव, गाव लिहून घेतलंय. हॉलमध्ये लावू तेव्हा नावाची पट्टी खाली पुढच्या बाजूला लावायची, सुताराला तसं आत्ताच सांगून ठेव. संत्रा बर्फी घेतलीय, चिंगीला आधी कळू देऊ नकोस. गाडी सोमवारी रात्री.

तुझी,
शमा