लिफ्ट काय शिकवते?

शिक्षणाचं तत्त्वज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो बी.एड.चा सिलॅबस. जॉन ड्युई या अमेरिकन प्राध्यापकाचं १९१६ सालचं 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' मी हातात घेतलं ते मात्र बाबासाहेबांमुळे. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ड्युई तिथे शिकवत होते. पुढे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी या गुरूचं ऋण नाव घेऊन मान्य केलं. म्हटलं, बघू तरी या सरांकडून त्यांनी काय घेतलं!

आधीच सांगते, पुस्तक जड आहे. २६ प्रकरणं आणि लांबच लांब वाक्यं. लोकलमध्ये रोज चार-पाच पानं, यापलीकडे माझी गाडी काही गेली नाही. पण पहिल्याच प्रकरणात ड्युई चिमटा काढतात. यंत्राचे सगळे भाग मिळून एकच काम करतात, तरी त्यांचा समाज होत नाही. कारण आपण कशासाठी फिरतोय हे एकाही चाकाला ठाऊक नसतं. मला आमचा फ्लोअर आठवला. सव्वाशे माणसं एकाच एसीखाली, आणि आपण भरतोय ती एक्सेल शीट पुढे कोण वाचतं, याचा कुणालाच पत्ता नाही!

खरी मजा सातव्या प्रकरणात आहे. एकी तर चोरांच्या टोळीतही असते. मग चांगला समाज ओळखायचा कसा? ड्युई दोन प्रश्न विचारायला सांगतात. आतल्या सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेल्या गोष्टी किती? आणि बाहेरच्यांशी येणं-जाणं किती मोकळं? त्यांच्या लेखी लोकशाही मतपेटीपाशी संपत नाही, ती एकत्र जगायची रीत आहे. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला याच कसोट्या लावल्या. लाहोरच्या आयोजकांना ते भाषण झेपलं नाही. कार्यक्रमच रद्द झाला आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं.

आता आमची सोसायटी बघा. कोरम, मतदान, मिनिट्स, सगळं कसं रीतसर. आणि याच रीतसर बहुमतानं ठराव झालाय की घरकामाला येणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरायची. ती बंद पडली की आमच्याकडे येणाऱ्या मावशी गुडघे धरत अकरा मजले चढतात. पुढची लिफ्ट तेव्हा बहुतेक रिकामीच असते.

पुढच्या एजीएमसाठी मी हा ठराव रद्द करायचा विषय दिलाय. सेक्रेटरीकाका म्हणाले, ''अगं, कशाला उगाच वातावरण बिघडवतेस?'' गंमत म्हणजे वातावरण हा ड्युईंचाही आवडता मुद्दा. मूल फळ्यावरून शिकतं त्याहून खोलवर ते आजूबाजूच्या रोजच्या वागण्यातून शिकतं, असं ते म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधली केजीतली पोरं रोज सकाळी बसला जाताना त्या दोन लिफ्टसमोर उभी राहतात. कुणी कुठल्या दारातून जायचं, हे त्यांना पाठ झालंय. कुणीही न शिकवता.

एजीएमला काय होईल, माहीत नाही. हात किती वर येतील, तेही नाही. पण काकांना मी पोरांबद्दलच विचारणार आहे.