साखर वगळल्यावर

धुळ्यात मराठी शिकवणारी बाई बिअरवर लिहिते आहे हे पाहून काही भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगते: ही बिअर खानदेशात झालेली नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी मद्य करणे आपल्याकडे गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी जळगाव-धुळ्याच्या ज्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात लागर जातीची बिअर घरच्या घरी साधणे जवळजवळ अशक्य. ही गोष्ट मेलबर्नची आहे. माझा धाकटा भाऊ तिथे राहतो. तिथे स्वतःपुरती बिअर घरी करायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त ती ऊर्ध्वपातित करता येत नाही. एका उन्हाळी सुट्टीत, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, आई आणि मी त्याच्याकडे दोन महिने राहिलो होतो.

भावाच्या गॅरेजमध्ये झाकणाला झडप लावलेले एक मोठे पिंप होते. बाजारात तयार डबा मिळतो. त्यात १.७ किलो घट्ट, काळसर पाक असतो: मोड आणलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, आटवलेला अर्क. कडवटपणासाठी हॉप्सही त्यातच मिसळलेले असतात. झाकणाखाली यीस्टची पुडी. सूचना चार ओळींच्या: डबा रिकामा करा, एक किलो साखर घाला, २३ लिटरपर्यंत पाणी भरा, यीस्ट टाका. भावाने सूचना तंतोतंत पाळल्या. बिअर झाली. रंग होता, फेस होता, नशाही असावी. पण मी एक घोट घेऊन पाहिला तो पाणचट लागला, आणि मागून काहीसा आंबूस वास आला.

आईने त्या पेल्याला हात लावला नाही. आमच्या जळगावच्या गल्लीत दारूने मोडलेली घरे तिने पाहिली आहेत. मुलाच्या या छंदाबद्दल तिने नाराजी लपवली नव्हती. पण स्वयंपाकातला बिघाड दिसला की तिला गप्प बसवत नाही. तिने विचारले, "काय काय घातलं होतंस?" भावाने सांगितले. ती म्हणाली, "एवढी साखर? मग चव यायची कुठून? साखर काय, नुसती गोड असते. आणि ते गोडही तुझ्या त्या पुडीनं खाऊन टाकलं असेल."

आईने रसायनशास्त्र शिकलेले नाही. पण दर उन्हाळ्यात ती बिबड्या करते. ज्वारी दोन-तीन दिवस भिजत घालायची, उपसून भरडायची, शिजवताना लसूण, तीळ, मिरची घालायची आणि बाजेवर पसरलेल्या ओल्या फडक्यावर थापायची. ज्वारी किती आंबली हे ती पातेल्यावरचे झाकण उचलून नाकाने ठरवते. मी बाजेच्या दुसऱ्या बाजूला बसून वर्षानुवर्षे थापत आले, पण ते नाक मला आलेले नाही. जळगावच्या पातेल्यातले जिवाणू वेगळे, मेलबर्नच्या पिंपातले यीस्ट वेगळे. तरी आईचे निदान अचूक होते. यीस्ट साधी साखर जवळजवळ पूर्ण फस्त करते; मागे मद्यार्क उरतो, अंग उरत नाही. माल्टमध्ये यीस्टला न पचणाऱ्या काही शर्करा असतात. त्या मागे राहतात म्हणून घोटाला भरीवपणा येतो. आपल्याला हे अनोळखी नाही. नाचणी सत्त्व करताना आपणही धान्याला मोड आणून, वाळवून त्यातली गोडी जागी करतोच. 'किण्व' हा शब्द तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात आहे, आणि विशिष्ट प्रसंगी कुटुंबाला घरी सुरा करण्याची मुभाही तिथेच दिली आहे.

दुसऱ्या खेपेस भावाने तोच डबा घेतला. साखर मात्र वगळली आणि तिच्या जागी एक किलो माल्टची कोरडी पूड घातली. हलके भाजलेले पाव किलो माल्टचे दाणे फडक्यात बांधून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवले, ते पाणी गाळून उकळले, आणि उकळी संपायला दहा मिनिटे असताना साझ जातीचे वीस ग्रॅम हॉप्स टाकले. हॉप्स पुष्कळ वेळ उकळले की कडवटपणा उतरतो; उशिरा टाकले तर सुगंध राहतो. बोहेमियातल्या प्लझेन्य गावी १८४२ साली जी पहिली सोनेरी लागर झाली, तिचा सुगंध या साझचाच. डब्यातल्या पुडीऐवजी त्याने थंडीत काम करणारे खास लागरचे यीस्ट आणले. गॅरेज १२ अंशांवर होते. आंबणे संपत आले तेव्हा लोण्यासारखा वास येऊ लागला. तो जावा म्हणून पिंप दोन दिवस घरात, उबेला आणून ठेवले. मग बिअर महिनाभर फ्रिजमध्ये.

'लागर' या जर्मन शब्दाचा अर्थ कोठार, साठवण. मराठीत मी त्याला 'मुरवणे' म्हणेन. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, माणूसही एखाद्या विषयात मुरतो. त्या महिन्यात बाहेरून काहीच घडत नव्हते. पेला पुढे आला तेव्हा मात्र फरक सांगावा लागला नाही. हुरूप येऊन भावाने तिसऱ्या खेपेस हॉप्स चौपट केले आणि ते तासभर उकळले. डब्यात मुळातच कडवटपणा आहे हे तो विसरला. ती बिअर कुणालाच पिववली नाही.

हे सारे मला पुन्हा आठवले ते धुळ्याला परतून प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना. बहिणाबाईंच्या कवितेवर प्रश्न होता. साठ उत्तरांपैकी बहुतेकांत तीच वाक्ये: 'कवयित्रीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे', 'भाषा साधी, सोपी व ओघवती आहे'. ही घरी अहिराणी बोलणारी मुले. शेजारच्या लेवा बोलीतले हे शब्द त्यांच्या कानाला परके नाहीत. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, जिची गाणी सोपानदेवांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तिच्या ओळींवर या मुलांना स्वतःचे एक वाक्य सुचू नये? मी नेहमीप्रमाणे गाइडांना दोष देणार होते. पण ती वाक्ये गाइडातली नव्हती. ती माझी होती. गेली कित्येक वर्षे मी वर्गात ती सांगते आणि मुले उतरवून घेतात.

म्हणजे डबा दोषी नव्हता. टिपणे, गाइड, प्रस्तावना यांतही कुणीतरी आटवून ठेवलेला अर्क असतोच, आणि नवख्याला त्याचा आधार लागतो. त्याच्या जोडीला मी जी किलोभर साखर ओतत होते, ती खरी अडचण होती. तिने गुण वाढतात, अंग येत नाही. याच्या उलट, नव्याने वाचलेल्या समीक्षेच्या परिभाषेचा मारा करून वर्ग कडू करण्याचा प्रयोगही माझ्या हातून पूर्वी झाला आहे.

पुढच्या सत्रात मी मध्यवर्ती कल्पना सांगणे सोडले. कविता दिली, अवघड शब्द दिले, आणि घरी मोठ्याने वाचून आठवड्याने या म्हटले. पहिल्या चाचणीत गुण घसरले. विभागात विचारणा झाली, एका पालकांनी येऊन काळजी बोलून दाखवली. मला ठाम उत्तर देता आले नाही, कारण यंदाचा निकाल काय लागेल हे मलाही ठाऊक नव्हते, अजूनही नाही. मात्र एका मुलीने लिहिले होते की ही कविता तिने आजीला वाचून दाखवली, तेव्हा एका शब्दाचा उच्चार आजीने दुरुस्त केला, आणि मग ओळीचा ताल बसला. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. मी त्या लाल शाईने दाखवल्या, आणि गुण देताना पुष्कळ वेळ थांबले.