तांदळाच्या पिशवीवर माझा फोटो



भात झोडून झालं, तांदूळ भरडून आला. यंदा दीड एकरात आंबेमोहर होता, त्याचा साधारण ८०० किलो तांदूळ निघाला. दरवर्षीप्रमाणे हिंजवडीच्या सोसायट्यांमध्ये ओळखीच्या घरी देतो. आयटी पार्क झाल्यापासून आपल्या मुळशीच्या तांदळाला दारातच गिऱ्हाईक मिळालंय, हे कबूल करायला पाहिजे.

डिसेंबरात एका ब्रँडचा मुलगा घरी आला. चांगला पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, सगळा माल आम्ही उचलतो. किलोला १२ रुपये जास्त देतो." नमुन्याची पिशवी पण आणली होती. खाकी कागदाची, त्यावर हिरवं पान, आणि लिहिलेलं: 'शून्य कार्बन, १०० टक्के नैसर्गिक, पर्यावरणपूरक'. मधल्या चौकोनात माझा फोटो येणार होता. मी फक्त एका कागदावर सही करायची, की हा तांदूळ तसाच पिकवलाय.

१२ रुपयांनी ८०० किलोचे ९,६०० होतात. खोटं कशाला बोलू, हात पेनाकडे गेला होता.

पण मग आठवलं काय काय केलं ते. निम्म्या रोपवाटिकेला मी अजून राब भाजतो. तण कमी येतं, वडिलांपासूनची सवय आहे. पहाटे तो धूर गावभर असतो. खाचरात दोन-अडीच महिने पाणी उभं असतं. साचलेल्या पाण्याखाली मातीला हवा मिळत नाही, तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. हा वायू उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी. पाणी आलटून-पालटून सोडलं की मिथेन कमी होतो हे खरं, पण आपल्याकडं आषाढात पाऊस वरून ओततोय, खाचर सुकवणार कसं? आणि युरिया? मी टाकतो. चारसूत्री पद्धतीनं टाकतो, पण टाकतो.

नवीन मित्रांसाठी सांगतो. चारसूत्री म्हणजे भाताचे अवशेष, तूस-पेंढा, परत शेतात वापरणं, गिरिपुष्पाचा पाला गाडणं, दोरीवर १५-२५ सेंटिमीटरची जोडओळ लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणं. डॉ. सावंतांनी ही पद्धत आपल्या भातशेतकऱ्यांसाठी बसवली. गोळी खोल असल्यानं नत्र हवेत उडून जात नाही, पाण्याबरोबर वाहत नाही. फेकून टाकण्यापेक्षा खत कमी लागतं. आंबेमोहर उंच वाढतो, नत्र जास्त झालं की लोळतो, म्हणून तर मला हे पटलं. पण याला '१०० टक्के नैसर्गिक' म्हणता येत नाही.

मी ती पिशवी आतून फाडून बघितली. खाकी कागदाला आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा. म्हटलं, "बाबा, ही पिशवी माझ्या उकिरड्यात कुजेल का?" तो हसला, म्हणाला, "काका, सगळे असंच लिहितात."

सगळे लिहितात हे खरं आहे. पण का लिहितात ते पण समजून घ्या. २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या मोठ्या १,००० कंपन्यांना पर्यावरणाचा हिशेब सेबीला द्यावा लागतो. हिंजवडीत मोठा कॅम्पस असलेल्या इन्फोसिसनं २०२० मध्येच आपण कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं. अशा दाव्यामागं वीज किती वापरली, सौर किती, उरलेल्या कार्बनची भरपाई कुठल्या प्रकल्पातून केली, असा मोजलेला हिशेब लागतो. माझ्याकडं काय मोजलेलं होतं? काहीच नाही. हिरवं पान छापलं म्हणून हिशेब झाला असं नाही.

आता कायदाही आलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. 'ग्रीन', 'नैसर्गिक', 'पर्यावरणपूरक' असे शब्द मोघम वापरायचे नाहीत. दावा मालाचा आहे, पिशवीचा की पद्धतीचा, ते सांगायचं, आणि पुरावा द्यायचा. 'सेंद्रिय' म्हणून ब्रँडनं विकायचं तर एनपीओपी किंवा पीजीएसचं प्रमाणपत्र लागतं.

रात्री घरात विषय काढला. मंडळी म्हणाल्या, "फोटो तुमचा छापणार, उद्या शिव्या पण तुम्हालाच बसणार." विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला फोन केला. म्हटलं, खरं ते छापा, मी आनंदानं सही करतो: 'मुळशीचा आंबेमोहर. चारसूत्री लागवड. गिरिपुष्पाचा पाला. युरिया-डीएपी गोळी एकदाच.' तो म्हणाला ऑफिसला विचारतो. पुन्हा फोन आला नाही.

मग मीच त्या ओळी साध्या कागदावर छापून पिशव्यांना चिकटवल्या. पहिल्याच रविवारी दोघांनी 'युरिया' वाचून पिशवी खाली ठेवली. जुनी गिऱ्हाइकं होती, वाईट वाटलं. एका ताईंनी मात्र अर्धा तास उभं राहून गोळी म्हणजे काय ते विचारलं आणि दहा किलो नेला. अजून दीडशे किलो घरात पडलाय. ९,६०० रुपये गेलेत ते गेलेतच.

तरी सांगतो, ब्रँड दारात आला तर हाकलू नका. जास्त पैसे देतोय, तर ऐका. फक्त सही करण्याआधी पिशवीवर काय छापणार ते लेखी मागा. खताची बिलं, माती परीक्षण, लावणीच्या तारखा आणि फोटो वहीत ठेवा. खरं सांगायला तोच आपला पुरावा.

पुढच्या खरिपात राब पूर्ण बंद करून रोपवाटिकेत तुसाची राख घालणार आहे. कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना एक प्रश्न: ओला पेंढा चिखलात गाडला तर मिथेन वाढतो म्हणतात. मग आधी कुजवून घातलेला बरा का? आपल्या पावसात कोणी करून बघितलं असेल तर खाली लिहा. फोन केलात तरी चालेल, पण संध्याकाळी सातनंतर.

राम राम.