पुतळा घडायला वेळ लागायचा तेव्हा

आमच्या लहानपणी मराठवाड्यातल्या उमरीसारख्या गावांत पुतळा म्हटला की बहुतेक अर्धपुतळाच. सिमेंटचा, वरून सोनेरी रंग दिलेला. 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की पोरं बादल्या आणून तो धुऊन काढायची, मग झेंडूचा हार पडायचा. जुनी माणसं निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम सांगायला बसली की स्वातंत्र्यसैनिकांनी केलेली 30 जानेवारी 1948 ची उमरी बँकेची लूट हमखास निघायची. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले, हेही ते सांगत.

देशोदेशी उभे असलेले गांधीजी घडवणारे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. जन्म 1925 चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्यावर 1954 ते 1958 ही वर्षं त्यांनी आपल्या मराठवाड्यात, वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या डागडुजीत घालवली. पुढे दिल्ली गाठली. संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधी त्यांचेच.

तेव्हाच्या शिल्पकाराला पुष्कळदा समोरून काढलेला एखादाच फोटो मिळायचा. मान कशी होती, चालताना खांदा झुकायचा का, हे घरच्यांना विचारावं लागे. लोखंडी सांगाड्यावर माती चढवायची आणि ती तडकू नये म्हणून रात्री ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. बुबुळ खोल कोरायचं. तिथं सावली साठली की खालून पाहणाऱ्याला नजर मिळते. मग प्लास्टरचा साचा, मेण आणि शेवटी ओतकाम. विनायकराव करमरकरांचा पुण्यातला अश्वारूढ शिवपुतळा 1928 चा. आजही त्यापुढं पाय थबकतात.

आता फोटो मोबाइलवर जातो आणि फायबरचा पुतळा टेम्पोतून येतो. संगणक लहान प्रतिकृतीचा हवा तेवढा मोठा आकार करून देतो. सुतारांनी हाही काळ पाहिला आणि पेलला. केवडियाचे सरदार पटेल 182 मीटरचे, त्यांचे ब्राँझचे पत्रे चीनमध्ये ओतले गेले. पण चेहरा आधी सुतारांनी घडवला होता. घाईची किंमत मालवणनं दाखवली. डिसेंबर 2023 मध्ये अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला. नव्या पुतळ्याचं काम सुतारांच्याच स्टुडिओकडं गेलं. 2025 च्या डिसेंबरात, शंभरी पुरी करून, ते गेले.

यंत्रं आली हे चांगलंच झालं. हरवली ती घरच्यांजवळ बसून माणूस समजून घेण्याची सवड. मुक्तिसंग्रामातल्या माणसांना प्रत्यक्ष पाहिलेले लोक आता मोजकेच उरलेत. गावोगावच्या समित्यांनी चौथऱ्याची उंची ठरवण्याआधी त्यांच्या दारी जावं, ट्रंकेतले फोटो मागावेत, आठवणी लिहून घ्याव्यात. मग शिल्पकाराला बोलवावं आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यावा.