एका बाजूचं तांबं

आमच्या ब्रँचमध्ये पीसीबी म्हटलं की सरळ दोन गट पडतात. एक ऑनलाइन ऑर्डर देऊन कुरियरची वाट बघणारे, आणि दुसरे इस्त्री, प्लॅस्टिकचा ट्रे नि फेरिक क्लोराइड घेऊन बसणारे. मी दुसऱ्या गटातला.

पण गेल्या मे महिन्यात पोलादपूरला घरी केलेला बोर्ड सबमिशनसाठी नव्हता. महाडच्या बाजारपेठेत मामाचं दुकान आहे, वरच राहायची जागा. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान बुडालं. एरवी आमच्याकडे सावित्री फुगली की आई फोन करते, "दादा, माल वर घे रे!" आम्ही नदीच्या वरच्या अंगाला, म्हणून खबर आधी आम्हाला. त्या रात्री वीज गेली आणि फोनच लागेना. तेव्हापासून आषाढात मुसळधार लागली की मामा रात्री तीन-तीनदा बॅटरी घेऊन जिना उतरतो. त्याचं म्हणणं एवढंच, "भाच्या, नेट नको, लाइट नको, पाणी पायरीला लागायच्या आत बोंबललं पाहिजे."

सर्किट अगदी साधं. तीन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, तीन उंचीवर तीन तारा. पायरीखालची पहिली तार भिजली की बझर, पुढच्या दोन तारांना एकेक एलईडी. तार कोरडी असेपर्यंत बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही.

खरी मजा लेआउटची. तांबं एकाच बाजूला, त्यामुळे दोन ट्रॅक एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. हायवेवर उड्डाणपूल बांधता येतो, इथे रेझिस्टरच्या पोटाखालून वाट काढायची. ग्राफ पेपरवर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी एकच जंपर उरला, तोही रेझिस्टरच्या कापलेल्या पायाचा. ट्रॅक मुद्दाम जाड ठेवले, पॅड मोठे. सॉफ्टवेअरवाले हसतील, पण उद्या मी नोकरीला पुण्याला गेलो तर हा बोर्ड महाडचा टीव्ही रिपेअरवाला उघडणार आहे. त्याला प्रत्येक ट्रॅक डोळ्यांनी दिसला पाहिजे.

ग्लॉसी कागदावर लेसर प्रिंट काढली आणि आईच्या इस्त्रीने तांब्यावर चढवली. (लेआउट पार्टच्या बाजूने काढला असेल तर प्रिंट उलटी करायची नाही. तांब्यावर अक्षरं उलटी दिसली म्हणजे बरोबर! व्हायवाला हे हमखास विचारतात.) फेरिक क्लोराइड लॅमिंग्टन रोडवरून आणलं होतं. ते कोकणात सांभाळणं म्हणजे श्रावणात मिठाची बरणी सांभाळणं, हवेतलं पाणी ओढून चिकट होतं. स्टीलचं भांडं चालत नाही, त्यालाही ते खातं. उन्हात ट्रे हलवत बसलो. जेमतेम ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं, वीसेक मिनिटांत ट्रॅक सोडून सगळं विरघळलं.

आता ते हिरवट पाणी कुठे टाकायचं? आमची मोरी ओढ्याला, ओढा सावित्रीला. विरघळलेलं तांबं माशांना विषच. म्हणून धुण्याचा सोडा थोडा थोडा घातला, फसफस थांबेपर्यंत. गाळ खाली बसला, तो बाटलीत भरून कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये दिला. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळणाऱ्याने सरळ ऑनलाइन ऑर्डर द्यावी.

सोल्डरिंग झाल्यावर आजीने बोर्ड हातात घेतला. "तांबं आहे होय? मग पावसात कळकेल की!" आमच्या सरांनी हेच 'ऑक्सिडेशन' म्हणून शिकवलं होतं. आजीच्या सल्ल्याने म्हणा की सरांच्या, पारदर्शक व्हार्निशचे दोन हात दिले.

पायरीखाली पीव्हीसी पाइपात तारा सोडल्या, म्हणजे शिंतोड्यांनी बझर वाजत नाही. बादलीभर पाणी ओतून चाचणी घेतली. मामी वरच्या मजल्यावरून धावत खाली आली. मामाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा एकदा ओतायला सांगितलं.

शेजारच्या दोन दुकानदारांनीही बोर्ड मागितलेत. मिरग लागायच्या आत द्यायचेत. इस्त्री मात्र आईने लपवून ठेवली आहे.