नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

अब्बांच्या इंतकालानंतर चाळीस दिवस आमच्या घरात पैशाचा विषय कुणी काढला नाही. एकेचाळिसाव्या दिवशी अम्माने कपाटातली पत्र्याची पेटी आणून आमच्यापुढे ठेवली. आम्ही तिघे भावंडे: भाईजान, आपा आणि धाकटा. हा लेखही तिघांनी बसून लिहिला आहे. एकट्याने लिहिला असता तर उरलेल्या दोघांवरचा राग त्यात उतरला असता.

पेटीत मुदत ठेवीच्या पावत्या होत्या, घरपट्टीच्या पावत्या होत्या, निकाहनाम्याची पिवळी पडलेली प्रत होती आणि वहीचे एक पान होते. ठेवींवर ‘नॉमिनी’ म्हणून भाईजानचे नाव. वहीच्या पानावर ‘विल’ असा मथळा आणि खाली अब्बांच्या अक्षरात, ‘माझ्या पश्चात राहते घर धाकट्याला द्यावे.’ अब्बा सातवी शिकलेले. इंग्रजी शब्द ते ऐकून ऐकून वापरायचे. आम्ही पदवीधर, पण आम्हीही तेच करत होतो हे नंतर कळले.

भाईजानला वाटले ठेव आपली. धाकट्याला वाटले घर आपले. आपाच्या नावापुढे त्या पेटीत कुठलाच इंग्रजी शब्द नव्हता. ती चहा करायला उठून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

बँकेत कारकून भाईजानला म्हणाले, “पैसे तुमच्या हातात मिळतील.” भाईजानने त्यातले ‘तुमचे’ एवढेच ऐकले. दोष त्या कारकुनाचा नाही. आमच्याकडे ‘बँकेत वारस लावला’ असे सर्रास म्हणतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. खाते काढताना किंवा ठेव ठेवताना नॉमिनीचा फॉर्म भरतात, त्यात वारस लावला जात नाही. खातेदार गेल्यावर बँकेने पैसे कुणाच्या हाती सोपवायचे, एवढेच त्यात ठरते. बँक मोकळी होते. पुढे ते पैसे हक्कदारांपर्यंत नेण्याची जबाबदारी नॉमिनीच्या अंगावर येते. बँकेच्या ठेवीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच सांगितल्याचे आमच्या वकिलांनी दाखवले. (विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आहे, तेव्हा पॉलिसी असेल तर तिची चौकशी वेगळी करावी.)

इंग्रजीत ज्याला ‘हेअर’ म्हणतात तो वारस. त्याचे नाव कुणी फॉर्मवर लिहून तो वारस होत नाही आणि लिहायचे राहिले म्हणून त्याचा हक्क जात नाही. आपल्या घरात तो सूरह निसाने ठरवून दिलेला आहे. पेशइमाम साहेबांनी कागद-पेन्सिल मागवली आणि पहिला प्रश्न विचारला, “मरहूमांच्या डोक्यावर कर्ज किती?” आमच्यापैकी कुणी हा विचारच केला नव्हता. दुकानदाराचे पंचवीस हजार निघाले. मग अम्मा हळूच म्हणाली, “माझी मेहर पाच हजार. दिलेली नाही.” बेचाळीस वर्षांचे देणे! तेही कर्जच.

ठेव ५ लाख १० हजारांची. कर्ज वजा जाता ४ लाख ८० हजार उरले. अम्माचा आठवा हिस्सा ६० हजार. दादा-दादी आधीच गेलेले, त्यामुळे बाकीचे सगळे आम्हा तिघांत, मुलाचा वाटा मुलीच्या दुप्पट. भाईजान आणि धाकटा १ लाख ६८ हजार प्रत्येकी, आपा ८४ हजार. भाईजान कागदाकडे पाहत राहिला. सकाळपर्यंत तो ५ लाखांचा धनी होता. खरे सांगायचे तर त्याला ते पचायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत घरात जेवणे वेगवेगळ्या वेळी झाली.

घराचे प्रकरण जास्त नाजूक होते. ‘विल’ म्हणजे वसियत. ती एकतृतीयांशापर्यंतच करता येते, आणि जो आधीच वारस आहे त्याच्यासाठी केलेली वसियत बाकीचे वारस मृत्यूनंतर राजी झाले तरच चालते. धाकटा म्हणाला, “मग ते ‘गिफ्ट’ समजा. हिबा तर तोंडीही चालतो.” चालतो, पण हिब्यात देणारा जिवंतपणी देतो, घेणारा स्वीकारतो आणि ताबा दिला जातो. अब्बांनी लिहिले होते ‘माझ्या पश्चात’. या दोन शब्दांनीच ते गिफ्ट उरत नव्हते. घरपट्टीही शेवटपर्यंत त्यांनी स्वतःच्याच नावाने भरली.

धाकट्याची बाजूही मांडायला हवी. शेवटची सहा वर्षे अब्बांना दवाखान्यात नेणे, रात्री उठवणे, गुसल घालणे हे सारे त्याने आणि त्याच्या बायकोने केले. अब्बांना त्याची फेड करायची होती. कुणी त्यांना दोन शब्दांतला फरक हयातीत सांगितला असता तर त्यांनी रीतसर काही केलेही असते.

घराचे चाळीस वाटे धरले तर अम्माचे पाच, भावांचे चौदा-चौदा, आपाचे सात. अम्मा लगेच राजी झाली. भाईजान दोन दिवसांनी. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी आपासाठी हक्कसोडपत्राचा मसुदा टाइप करूनच आणला होता. बहिणी सोडतातच, असे त्यांचे म्हणणे. आपाने तो घडी घालून परत दिला. म्हणाली, “मामू, माझे सात वाटे आधी माझे म्हणून लिहून दाखवा. सोडायचे की नाही ते मग बघू. जे माझ्या हातात आलेच नाही ते सोडू कसे?”

आम्ही लिहून दिले. चौघांच्या सह्या घेतल्या. ठेवीचे ८४ हजार तिच्या खात्यात जमा झाले आहेत. घराबद्दल ती अजून काही बोललेली नाही, आणि धाकट्याने तिला विचारलेले नाही. रमजानात ती माहेरी आली तेव्हा धाकट्याच्याच खोलीत राहिली, आणि जाताना तो कागद तिने त्याच पत्र्याच्या पेटीत, अब्बांच्या वहीच्या पानाशेजारी ठेवला.